पाच भाकरींचा फरक

शेतात दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला रोज साधारण ३४७० किलोकॅलरी ऊर्जा लागते. बसून काम करणाऱ्याला २११०. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली, ६५ किलो वजनाचा पुरुष धरून हे आकडे ठरवले. दोन्हींतला फरक १३६० किलोकॅलरी. ज्वारीची भाकरी ८० ग्रॅम पिठाची धरली, तर एका भाकरीत २६५च्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे फरक झाला पाच भाकरींचा. बायकांच्या बाबतीत हेच आकडे २७२० आणि १६६०, म्हणजे फरक चार भाकरींचा.

परभणी जिल्ह्यात गेल्या दोन-तीन पिढ्यांत काय घडलं, ते या पाच भाकरींवरून कळतं. आजोबा औत हाकायचे, चार-पाच भाकरी सहज संपवायचे आणि तरी अंगाने काटक राहायचे. वडील मोटारसायकलवर शेतात जायला लागले. नांगरट, पेरणी, मळणी ट्रॅक्टर आणि यंत्रांकडे गेली. मुलगा मोंढ्यात अडतीच्या गादीवर, बँकेत, शाळेत किंवा औषधांच्या दुकानात काउंटरमागे बसला. कष्ट सुटले, पण जेवणाची सवय कष्टाच्या काळातलीच राहिली. शिवाय भाजीवर तेलाची तर्री आली, दिवसाला पाच-सहा कप गोड चहा आला, संध्याकाळी भज्यांची नाहीतर फरसाणाची पुडी आली. पोट एकदम सुटत नाही. रोज थोडंथोडं उरतं आणि तेवढंच वर्षानुवर्षं साठत जातं.

वजन उतरवायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा. पाचही भाकरी एका दिवसात वळत्या करायला निघालेला माणूस आठवडाभर उपाशी राहतो आणि दहाव्या दिवशी मिसळीच्या गाड्यावर सापडतो. रोज दोन भाकरींएवढी, म्हणजे ५०० किलोकॅलरींच्या आसपास तूट पडली, तरी सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या जवळपास वजन उतरतं. गंमत अशी की या दोन भाकरी ताटातल्या भाकरींमधून काढाव्या लागतीलच असं नाही.

आधी घेर मोजा

अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसालाही हा लेख लागू पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो २००४ साली छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकाच तागडीत बसवत होता. आत मात्र दुपटीहून जास्त फरक होता.

याचं मूळ जन्माआधीपासूनचं असू शकतं, असं याज्ञिकांच्या कामातून पुढे आलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपल्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईला पोटभर मिळालं नाही की बाळ मांस कमी आणि चरबी टिकवून जन्माला येतं, आणि पुढे खाणं वाढलं की तीच चरबी आधी पोटावर बसते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यात मोठेपणी साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. मराठवाड्याने १९७२चा दुष्काळ पाहिला. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या आयांच्या पोटातली तेव्हाची बाळं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांनी पोटाच्या घेराकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं.

म्हणून वजनकाट्याआधी शिवणकामाची टेप काढा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता घेर मोजायचा. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पँट बहुतेकांच्या पोटाखालून जाते. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. बीएमआयच्या रेषाही आपल्यासाठी अलीकडे ओढलेल्या आहेत: २३च्या पुढे वजन जास्त, २५च्या पुढे लठ्ठपणा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला याचा अर्थ असा की ६३ किलोपर्यंत ठीक आणि ६८ किलोपासून लठ्ठपणा सुरू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून जास्त लोकांच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचा पोटाचा घेर मर्यादेबाहेर निघाला. बीएमआयप्रमाणे लठ्ठ होते २८.६ टक्के. या दोन आकड्यांमध्ये जे उरतात, ते काट्याला न सापडलेले लोक.

घेर मोजून झाला की दुसरं काम रक्तदाब आणि साखर तपासण्याचं. तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गर्भारपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नये. आणि काहीही न करता वजन उतरत असेल, तर खूश न होता तातडीने दवाखाना गाठावा. वाढलेली साखर किंवा क्षयरोगसुद्धा असाच सुरू होतो.

भाकरीचं खरं-खोटं

परभणी हे ज्वारीचं गाव. १८ मे १९७२ रोजी इथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ ही ज्वारीची वाणं इथलीच, आणि लोह व जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ही इथलंच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केल्यापासून तर ‘पोळी सोडा, भाकरी धरा, वजन उतरेल’ हा सल्ला शहरातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे.

पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत डोकावलं की उत्साह जरा ओसरतो. शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ किलोकॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू. शंभर ग्रॅम गव्हाच्या चाळून न काढलेल्या कणकेत ३२० किलोकॅलरी, साडेदहा ग्रॅम प्रथिनं आणि ११ ग्रॅमच्या वर तंतू. दोघींत डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. तांदूळ मात्र मागे पडतो: ३५६ किलोकॅलरी, आठ ग्रॅम प्रथिनं आणि तंतू तीन ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे भाताच्या जागी भाकरी आली तर फायदा आहे. पोळीच्या जागी तेवढ्याच वजनाची भाकरी आली तर जवळजवळ काहीच बदलत नाही.

तरीही भाकरीची बाजू घेण्यासारखी आहे, ती वेगळ्या कारणाने. भाकरी पाण्यावर थापतात. पीठ मळताना तेल नाही, घडीत तेल नाही, तव्यावर तेल नाही. चार पोळ्यांना घडीत आणि वरून मिळून दोन-तीन चमचे तेल सहज जातं. शिवाय भाकरी चावावी लागते, जेवण सावकाश होतं आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ मिळतो. तेव्हा भाकरी वजन उतरवते असं नाही. ती तेलाची एक वाट बंद करते. तिच्यावर तूप सोडलं आणि शेजारी तर्रीदार कोरड्यास घेतलं, तर ती वाटही पुन्हा उघडते.

खरी उणीव भाकरीच्या शेजारी असते. आपलं ताट पिठाने भरलेलं असतं आणि डाळ, उसळ, अंडी, दही यांना त्यात कोपरा मिळतो. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि भूकही लवकर लागते. परभणीच्या शिवारात पावसाळाभर जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं. विद्यापीठाची एमएयूएस-७१, १५८, ६१२ ही वाणं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यांत ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं, तुरीच्या डाळीहून दीडपट. पण पोती मोंढ्यावर जातात आणि घरी परत येतं ते फक्त त्याचं तेल. दहा किलो धान्यात किलोभर भाजलेलं सोयाबीन दळून आणलं, तर चव फार बदलत नाही आणि प्रत्येक भाकरीतली प्रथिनं वाढतात. कच्चं सोयाबीन मात्र दळू नये. भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय ते नीट पचत नाही.

तेलाचा डबा आणि चहाचा कप

आता दोन भाकरींची तूट कुठून काढायची ते पाहू. सर्वांत मोठी जागा तेलाची. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी. पिठात किंवा साखरेत ४. जेवणातले दोन मोठे चमचे तेल म्हणजे २४० किलोकॅलरींच्या वर, जवळजवळ एक भाकरी. हे तेल पोट भरत नाही, म्हणून ते कमी केल्यावर उपाशी राहिल्यासारखंही वाटत नाही.

किती तेल चालेल? पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी रोज २७ ते ३० ग्रॅम. पण रोज तेल कोण मोजणार? त्यापेक्षा डब्यावर तारीख लिहावी. चार माणसांच्या घरात रोज १२० ग्रॅम तेल गेलं, तर १५ किलोचा डबा १२५ दिवस, म्हणजे चार महिने पुरायला हवा. दोन महिन्यांत तळ दिसत असेल, तर घर मर्यादेच्या दुप्पट तेल खातं आहे, आणि त्यात बाहेरची भजी-वडे धरलेलेच नाहीत. करडईचं तेल आपल्या भागातलं आणि गुणाने चांगलं आहे; ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाणही विद्यापीठाचंच. पण करडई असो, शेंगदाणा असो की सोयाबीन, ग्रॅममागे किलोकॅलरी नऊच. ‘हेल्दी’ लेबलाचं तेल जास्त ओतायला परवानगी देत नाही. फोडणीला बाटलीऐवजी चमचा वापरणं, भाजी थोडं पाणी घालून झाकणावर वाफवणं आणि वरची तर्री काढून ठेवणं, एवढ्याने माणशी पंधरा-वीस ग्रॅम तेल सहज वाचतं.

दुसरी जागा चहाची. मोंढ्यात सौदा झाला की चहा, कचेरीत पाहुणा आला की चहा, कट्ट्यावर गप्पा रंगल्या की पुन्हा चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम. पाच कपांत पन्नास. पोषण संस्था दिवसाला २० ते २५ ग्रॅमपर्यंतच साखर घ्या म्हणते, आणि त्यात मिठाई, बिस्किटं, सरबत सगळं आलं. पाच चहांतली साखर २०० किलोकॅलरी आणि दूध वेगळं, म्हणजे पुन्हा एक भाकरी. चहा सोडायची गरज नाही. पहिल्या पंधरवड्यात कपाला एक चमचा, पुढच्या पंधरवड्यात अर्धा. जीभ महिन्याभरात रुळते. मग जुना चहाच पाकासारखा गोड लागतो. साखरेऐवजी गूळ घातला तर हिशेब बदलत नाही.

तिसरी जागा पाकिटांची: चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं, शेव, नूडल्स. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचं. दोन्हीकडे समोर ठेवलेली साखर, चरबी आणि तंतू जुळवलेले होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटबंद खाण्याच्या काळात लोकांनी रोज ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. मऊ, झटपट गिळता येणारं खाणं पोटाला कळायच्या आत आत जातं. त्यापुढे मूठभर फुटाणे कितीतरी बरे. ३० ग्रॅममध्ये शंभराच्या थोड्या वर किलोकॅलरी आणि चावायला दहा मिनिटं. शेंगदाणे चांगलेच, पण तेवढ्याच मुठीत १५० किलोकॅलरींच्या वर. शेंगदाण्याची चटणी भाजीसारखी वाटीभर नको, चटणीसारखी चमचाभरच घ्यावी.

बसून काम करणाऱ्या पुरुषाचा दिवस मग असा जाऊ शकतो. सकाळी कमी साखरेचा चहा आणि वाटीभर मटकीची उसळ, नाहीतर भाज्या घालून कमी तेलातली सुशीला. दुपारी दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण, अंबाडी, मेथी किंवा शेपू, कांदा-काकडी आणि ताक. संध्याकाळी चहा, फुटाणे. रात्री आठच्या आत दीड भाकरी आणि पिठलं, दोन अंडी किंवा रश्शात न बुडवलेलं मटण. बायकांनी एकेक भाकरी आणि तेवढंच कोरड्यास. ज्या घरात रात्रीची उरलेली भाजी आणि मुलांच्या ताटातलं अर्धं अन्न आईनेच संपवायचं असतं, तिथे आधी स्वयंपाकाचा अंदाज कमी करावा; अन्न वाया जाऊ नये म्हणून ते पोटात टाकणं ही काही काटकसर नाही.

उपवासावर भिस्त ठेवू नका. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि बटाट्याचे वेफर्स पाहूनच रूढ झाली असावी. रोज्यांच्या महिन्यातही दिवसभर पाळलेला संयम इफ्तारच्या भज्यांत आणि सरबतात निघून जातो. खजूर, फळं, हलीमची छोटी वाटी इथे थांबलं, तर तोच महिना चांगली सुरुवात ठरू शकतो.

दोन वेळा की सहा वेळा?

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव निघालं नाही असं होत नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी घरोघर पोहोचवला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी घरचं, आपल्या मातीतलं, थोडंथोडं खा असं सांगितलं. दोन्ही बाजूंचे लोक लग्नाच्या पंगतीतही वाद घालताना दिसतात.

चीनच्या ग्वांगझू शहरात लठ्ठ लोकांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. १३९ जणांचे दोन गट केले. दोघांनाही सारख्याच कॅलरी कमी करायला सांगितल्या. एका गटाला मात्र सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायचं बंधन होतं. वर्षाअखेर बंधनवाल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचं ६.३ किलोने उतरलं. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक टिकला नाही. दोन वेळा जेवून वजन उतरतं, ते बहुतेक अशासाठी की दिवसभराचे चहा, बिस्किटं आणि फरसाण आपोआप बंद होतात. ज्याला हे नियम सोपे वाटतात त्याने ते पाळावेत. ज्याला दुपारी चारला भुकेने हात कापतात, त्याने फुटाणे खावेत आणि अपराधी वाटून घेऊ नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र जेवण वगळण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

चालणं आणि जोर-बैठका

व्यायामाकडून वजनाची अवाजवी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली. ७० किलोचा माणूस साडेचार किलोमीटर झपझप चालला, तर बसून राहण्यापेक्षा दोनशेच्या आसपास किलोकॅलरी जास्त खर्च होतात. पाऊण तासाच्या घामाची किंमत एका भाकरीहून कमी. परतीच्या वाटेवर एक समोसा आणि गोड चहा घेतला, तर तीही फिटली. खाणं न बदलता केवळ चालून वजन क्वचितच उतरतं.

मग चालायचं कशाला? एक तर उतरलेलं वजन टिकवायला. दुसरं, पोटातली चरबी, रक्तदाब आणि साखर काटा हलण्याआधीच सुधारतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. खाणं आणि चालणं बदललेल्या गटात ३९ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. वजन जरा जास्तच असलेल्या नवख्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नये. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला. साठीच्या पुढे रोज सहा ते आठ हजार आणि त्याच्या आत आठ ते दहा हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. ज्याची पावलं आज तीन हजार आहेत, त्याला पाच हजारही पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाच्या व्यायामाचं. मध्यम म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावं.

परभणीत ऋतूशी जुळवून घ्यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावरच बाहेर पडावं, आणि पाणी पिऊनच निघावं. डिसेंबरच्या कडाक्यात उलट थोडं ऊन वर येऊ द्यावं. कृषी विद्यापीठाचा परिसर आणि राजगोपालाचारी उद्यान शहरातल्या लोकांना माहीतच आहेत. गंगाखेड, सेलू, जिंतूर, पूर्णा इथे शाळेचं मैदान किंवा शेताची वाट पुरते. ज्या बाईला सकाळी पाणी, डबे आणि पोरांची शाळा यांतून सुटका नाही, तिने तीन वेळा दहा-दहा मिनिटं चालावं. जेवणानंतरची दहा मिनिटं तर विशेष मोलाची, कारण चालत्या स्नायूंना साखर लागते आणि जेवणानंतरची रक्तातली उसळी कमी होते.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा, आणि इथेच नवखे लोक चुकतात. वजन उतरतं त्यातला साधारण चौथा हिस्सा स्नायूंचा असू शकतो. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं मिळाली तर तो वाचतो. त्यासाठी जिमची फी भरावीच असं नाही. मराठवाड्याच्या तालमींत पिढ्यान्पिढ्या जोर आणि बैठकांवर शरीरं घडली. नवख्याने खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने सुरुवात करावी: दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात लावून जोर, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलून खांद्यावर नेल्या तरी चालतं. गुडघे दुखत असतील तर बैठक अर्धीच करावी. दुखणं दाबून जोर वाढवू नये.

काटा अडला की

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की माणूस हुरळतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. नंतर वेग मंदावतो, आणि दोन-तीन महिन्यांनी काटा हटूनच बसतो. शरीर हलकं झालं की त्याला इंधनही कमी लागतं, म्हणून तीच तूट हळूहळू लहान होत जाते. याच केविन हॉल यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार रोजच्या खाण्यातून २४ किलोकॅलरी कायमच्या गेल्या, तर शेवटी सुमारे एक किलो वजन उतरतं; त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि उरलेलं जवळजवळ सगळं तीन वर्षांत. एक चमचा साखरेत २० किलोकॅलरी असतात. चहातून गेलेला रोजचा एक चमचा तीन वर्षांनी पाऊण किलोच्या आसपास घेऊन जातो, अट एवढीच की तो परत येता कामा नये.

म्हणून तीन महिन्यांत पंधरा किलोची जाहिरात करणारी पावडर, पट्टा किंवा काढा घेण्याआधी स्वतःला विचारावं: हे तीन वर्षं चालेल का? न चालणारी गोष्ट उतरलेलं वजन परत आणते. नवख्याने पहिल्या सहा महिन्यांत पाच ते सात टक्के वजन उतरवायचं ध्येय ठेवावं. ८० किलोच्या माणसाला चार ते साडेपाच किलो. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला.

वजन आठवड्यातून एकदाच करावं. ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. दिवसागणिक किलो-दीड किलो पाण्यामुळे खालीवर होतं. त्यावरून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही. महिन्याला एकदा घेर, तीन महिन्यांनी रक्तदाब आणि साखर. काटा अडला आणि घेर कमी होत राहिला, तर काहीही बदलू नका. दोन्ही महिनाभर अडले, तर पुन्हा तेलाच्या डब्यावरची तारीख पाहा. बहुतेक वेळा चमच्याच्या जागी बाटली परत आलेली असते.

एक शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. तेल किती पडायचं, चहात साखर किती, भाकरी केवढी थापायची, हे बहुतेक घरांत वजन उतरवणारा माणूस ठरवत नाही, स्वयंपाक करणारी बाई ठरवते. त्याच घरात वजनाने कमी पडणारी वयात येणारी मुलगी आणि पोट सुटलेला बाप एकाच पंगतीला बसलेले असू शकतात. तिच्या ताटातलं दूध, अंडी, शेंगदाणे कमी करायचे नाहीत. त्याच्या ताटातली तर्री कमी करायची आहे. तेव्हा ‘मला वेगळं डाएटचं कर’ असं सांगून स्वयंपाक करणारीचं काम वाढवू नका. सगळ्यांसाठी एकच कमी तेलाची भाजी, एकच वरण, ज्याला जेवढी लागेल तेवढी भाकरी. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी फोडणी घालायला पुरुषाने स्वतः उभं राहावं. एका पळीत किती तेल मावतं, हे स्वतःच्या हाताने मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही.